शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा: एका ऑनर्स सेमिनारचं प्रकरण

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस अठरा निबंध आमच्या हाती आले. प्रश्न साधा होता: सॉक्रेटिस स्वतःच्या खटल्यात अशा रीतीने का बोलला, की सुटकेची होती ती शक्यताही त्याने घालवली? अठराही निबंध नेटके होते. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी मुख्य विधान, मग तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक अवतरण, मग समारोप. आणि अठराही जणांचं उत्तर एकच: तो तत्त्वाचा पक्का होता, म्हणून. नावं झाकून गठ्ठा पिसला असता, तर कोणता निबंध कुणाचा हे आम्हाला सांगता आलं नसतं.

मी इतिहास शिकवते, माझी सहकारी तत्त्वज्ञान. अमेरिकेतल्या एका मोठ्या राज्य विद्यापीठाच्या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षाचा सेमिनार आम्ही दोघी मिळून घेत होतो. निबंध वेगवेगळे वाचून तिच्या खोलीत भेटलो, तेव्हा ती म्हणाली, "यात वाईट एकही नाही. मला त्याचीच काळजी वाटते."

विद्यापीठाचं नाव मी देत नाही, आणि विद्यार्थ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवायला लावणारा १९७४ चा संघीय कायदा तिथे आहे. तो नसता तरी मी हेच केलं असतं. काळ चॅटजीपीटी येण्याआधीचा आहे. म्हणजे ते एकसारखे निबंध मुलांनी स्वतः, रात्री जागून लिहिलेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण आज ही हकीकत ऐकणाऱ्याचा पहिला संशय यंत्रावर जातो.

पार्श्वभूमी

आपल्याकडे "ऑनर्स" म्हटलं की एका विषयात जास्त खोल नेणारी पदवी डोळ्यांपुढे येते. अमेरिकी विद्यापीठातला ऑनर्स प्रोग्रॅम म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटात वसवलेलं छोटं कॉलेज. निवडून घेतलेली मुलं, पंधरा-वीस जणांचे वर्ग, शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध. मुलं अभियांत्रिकीची असतात, जीवशास्त्राची असतात, व्यवस्थापनाची असतात. पण त्यांना एकत्र बसवणारा पहिल्या वर्षाचा सामायिक सेमिनार बऱ्याच ठिकाणी मानव्यविद्यांच्या प्राध्यापकांकडे असतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात पहिल्या वर्षाला "द ह्यूमन इव्हेंट" नावाचा दोन सत्रांचा सेमिनार असतो, तो याच जातीचा. कारणही उघड आहे. भावी डॉक्टर, भावी इंजिनियर आणि भावी हिशेबनीस एका टेबलाभोवती बसवायचे, तर त्यांच्यामध्ये ठेवायला असं पुस्तक लागतं ज्याचं उत्तर पाठीमागच्या पानावर छापलेलं नाही.

राज्य विद्यापीठांत ही कल्पना जोरात पसरली ती १९५७ पासून. कोलोरॅडो विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने हुशार विद्यार्थ्यांसाठीची एक आंतरविद्यापीठ समिती त्या वर्षी उभी राहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि हुशार मुलांचं काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेत एकदम राष्ट्रीय झाला. १९६६ साली नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल स्थापन झाली. ती आजही चालू आहे. धक्का उपग्रहाने दिला असला, तरी चळवळीच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक प्राध्यापक होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. बहुतेक ऑनर्स प्रोग्रॅमकडे स्वतःचे प्राध्यापक थोडे किंवा मुळीच नसतात. ते विभागांकडून उसने घेतले जातात. मी सेमिनारला गेले की इतिहास विभागातला माझा एक अभ्यासक्रम रिकामा राहतो. विभागाचं बजेट मात्र ठरतं ते किती विद्यार्थ्यांनी किती क्रेडिट घेतले यावरून. आमच्या सेमिनारात अठरा मुलं, तीन क्रेडिट, म्हणजे ५४. माझ्या नेहमीच्या व्याख्यानवर्गात १२० मुलं, म्हणजे ३६०. शिवाय सेमिनारचे ५४ कुणाच्या खात्यावर मांडायचे, यावरही वाद. विभागप्रमुख मला दर वर्षी सोडत, पण दर वर्षी हे दोन आकडे ऐकवून सोडत. ते चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही. विभागात तीन जागा रिकाम्या असताना हिशेब त्यांनाच द्यावा लागत होता.

पहिला उपाय आणि तो का फसला

एकसारख्या निबंधांचं आमचं पहिलं निदान असं: आपल्याला काय हवंय हे मुलांना कळलेलं नाही. तेव्हा स्पष्ट सांगू. मग आम्ही रुब्रिक, म्हणजे निबंध कशावर तपासायचा याचा तक्ता, बनवलं. पाच रकाने: मुख्य विधान, पुरावा, प्रतिपक्षाची दखल, रचना, भाषा. प्रत्येक रकान्यात चार पायऱ्या. शनिवारची अख्खी दुपार त्यावर गेली आणि आम्हाला ते फार चोख वाटलं.

दुसरा निबंध थ्युसिडिडीझ या प्राचीन ग्रीक इतिहासकारावर होता. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सच्या दूतांनी मेलोस बेटाच्या पुढाऱ्यांशी केलेली बोलणी त्याने संवादरूपात मांडली आहेत. आम्हाला शरण या, न्यायाची भाषा बरोबरीच्या लोकांत चालते, असं अथेन्सचं म्हणणं. मेलोसने नकार दिला, आणि शेवटी वेढ्यानंतर त्याला शरण जावंच लागलं. हाती लागलेले पुरुष मारले गेले, बायकामुलांना गुलाम केलं गेलं. प्रश्न होता: थ्युसिडिडीझ कुणाच्या बाजूचा आहे?

निबंध आले. अठराही निबंधांत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात प्रतिपक्ष उभा होता. "काही जण म्हणतील की" अशी सुरुवात, तीन वाक्यांत प्रतिपक्ष, चौथ्या वाक्यात त्याचा पाडाव. शेतात बुजगावणं उभं करावं तसा. रकाना भरला होता आणि विचाराचा पत्ता नव्हता. सर्वांत वाईट म्हणजे आमच्याच रुब्रिकप्रमाणे आम्हाला बहुतेकांना पैकीच्या पैकी द्यावे लागले.

वर्गातही तेच. कुणी बोललं की बोलता बोलता डोळे आमच्याकडे. एका गुरुवारी तास संपल्यावर सहकारी मला म्हणाली, "तू मान डोलावतेस. तू मान डोलावलीस की सगळे लिहून घेतात." मला हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या तासाला मी लक्ष ठेवलं, आणि खरंच: मान हलली की अठरा पेनं हलत होती. वीसएक वर्षं शिकवल्यावर हे कळलं याचं मला वाईट वाटलं. मी जागा बदलून मागच्या कोपऱ्यात बसायला लागले. मग मुलं मागे वळून बघायला लागली.

या सगळ्याला नाव एका विद्यार्थिनीमुळे मिळालं. ती जैवरसायनशास्त्राची. दुसऱ्या निबंधात तिला बी प्लस मिळाला होता, आणि ऑफिस अवर्समध्ये ती आली तेव्हा आधी रडून आलेली दिसत होती. तिच्या शिष्यवृत्तीला ३.५ ची सरासरी लागायची. चार बिंदूंच्या मोजपट्टीवर ए मायनस म्हणजे ३.७, बी प्लस म्हणजे ३.३. तिने हा हिशेब मला कागदावर करून दाखवला. मग विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय, ते सांगाल का?"

हा प्रश्न ऑनर्सच्या प्रत्येक प्राध्यापकाने शेकडो वेळा ऐकलेला असतो, आणि आपण त्यावर मनातल्या मनात चिडतो. त्या दिवशी मी चिडले नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. मी विचारलं, पहिल्या निबंधाच्या वेळी तुला स्वतःला काय वाटलं होतं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, दुसरंच काहीतरी वाटलं होतं, पण ते लिहिलं नाही.

तिला वाटलं होतं ते असं. अथेन्सच्या न्यायालयात दोनदा मतदान होई. आधी दोषी की निर्दोष. दोषी ठरला तर शिक्षेसाठी पुन्हा. शिक्षेच्या मतदानात पंचांना आपल्या मनाची शिक्षा देता येत नसे. फिर्यादीने मागितलेली किंवा आरोपीने स्वतः सुचवलेली, या दोहोंतली एक निवडायची. प्लेटो सांगतो की पहिल्या वेळी तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सॉक्रेटिस सुटला असता. पंच साधारण पाचशे. म्हणजे निकाल काठावरचा. मग शिक्षा सुचवताना सॉक्रेटिस आधी म्हणाला, मला प्रिटॅनियममध्ये, म्हणजे नगरसभागृहात, शहराच्या खर्चाने जेवण द्या. हा मान ऑलिंपिक विजेत्यांचा. पुढे एक मीना (तेव्हाचं ग्रीक चलन) दंड म्हणाला, आणि मित्रांनी हमी घेतल्यावर तीस मीना. त्यानंतरच्या मतदानात, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनीस लॅअर्शियस सांगतो त्याप्रमाणे, मृत्यूच्या बाजूला आधीपेक्षा ऐंशी मतं जास्त पडली. म्हणजे काही पंचांनी त्याला निर्दोष म्हटलं आणि तासाभरात त्याच्याच मृत्यूला मत दिलं.

"हे ऐंशी जण वेडे होते असं सगळे धरून चालतात," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या पाचशे जणांत त्याचं बोलणं नीट ऐकणारे बहुधा तेच असतील. पहिल्या वेळी ते म्हणाले, हा म्हातारा निरुपद्रवी आहे. दुसऱ्या भाषणानंतर त्यांना कळलं की तो निरुपद्रवी नाही. तो न्यायालयालाच मानत नाही."

मी तिला विचारलं, हे का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "तुम्हाला पटेल की नाही, माहीत नव्हतं."

त्या वर्गातली त्या सत्रातली सर्वांत चांगली कल्पना आमच्यामुळेच पेटीत बंद राहिली होती. आम्ही काय हवं ते सांगितलं नव्हतं, हा आमचा दोष नव्हताच. दोष असा होता की "काय हवं" हे ठरवणाऱ्या आम्हीच, शिकवणाऱ्या आम्हीच आणि शेवटी अक्षर देणाऱ्याही आम्हीच. शाळेत बारा वर्षं एकही चूक न केल्यामुळे जी मुलं इथवर आली, त्यांनी न्यायाधीशासमोर बसून मोकळेपणाने चुकावं, अशी आमची अपेक्षा होती.

बाहेरचा परीक्षक

उपाय माझ्या सहकारीला सुचला, आणि तो नवा नव्हता. पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक एडलॉट १९२१ साली अध्यक्ष झाले. ते इंग्रजीचे प्राध्यापक. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. १९२२ मध्ये त्यांनी तिथे ऑनर्स सुरू केलं आणि ऑक्सफर्डकडून एक गोष्ट उचलली, ती फार मोलाची ठरली: परीक्षा शिकवणाऱ्याने घ्यायची नाही. लेखी आणि तोंडी, दोन्ही परीक्षा बाहेरून आलेले तज्ज्ञ घेतील. तिथे आजही वर्षअखेरीला बाहेरचे परीक्षक येतात आणि ऑनर्स द्यायचं का, कोणत्या पायरीचं द्यायचं, हे तेच ठरवतात.

आपल्याकडच्या वाचकाला बहिःस्थ परीक्षक ही काही नवलाची गोष्ट नाही. पण अमेरिकी पदवीवर्गात ती फार क्वचित दिसते. तिथे ज्याचा वर्ग त्याचंच मूल्यमापन, आणि प्राध्यापक हे स्वातंत्र्य जिवापाड जपतात. मीही जपत होते. माझ्या विद्यार्थ्याचं दुसऱ्याने मोजमाप करायचं, ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती अपमानास्पद वाटली होती, हे कबूल करते.

स्वार्थमोर श्रीमंत आणि छोटं. आम्ही राज्य विद्यापीठ. बाहेरून कुणाला बोलावून मानधन द्यायला पैसे नव्हते. मग आम्ही अदलाबदल ठरवली. त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरा एक सेमिनार अभिजात भाषांचे एक प्राध्यापक आणि धर्मअभ्यासाच्या एक प्राध्यापिका घेत होत्या. आमच्या मुलांचे शेवटचे निबंध नावाविना त्यांनी वाचायचे आणि प्रत्येकाची वीस मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यायची. त्यांच्या मुलांची आम्ही. आम्ही परीक्षेला बसू शकतो, पण बोलायचं नाही. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे श्रेणी नोंदवण्याचा अधिकार वर्ग घेणाऱ्याचाच, त्यामुळे परीक्षक शिफारस करतील आणि आम्ही तीच नोंदवू, असं ऑनर्सच्या संचालकांसमोर लेखी ठरलं. आधीचे दोन निबंध आमच्याकडे राहतील, पण त्यांचं वजन कमी होईल आणि पुन्हा लिहिता येतील. सत्राच्या मध्येच सिलॅबस बदलायचा म्हणून वर्गाची संमती घेतली. दोघांनी विरोध केला, त्यांच्याशी वेगळं बोललो, मग तेही तयार झाले.

वीस मिनिटांप्रमाणे अठरा जण म्हणजे सहा तास. नऊ-नऊ पानांचे अठरा निबंध म्हणजे १६२ पानं. हे काम दोन्ही बाजूंनी फुकट केलं. ही गोष्ट इथे नोंदवून ठेवते, पुढे लागणार आहे.

बदल मला वाटलं त्यापेक्षा लवकर दिसला, आणि तो एका वाक्यात दिसला. कुणीतरी विचारलं, "ते काय विचारतील?" मी म्हणाले, मला माहीत नाही. हे खरं होतं. मुलांना आधी पटेना. मग एक अभियांत्रिकीचा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपल्याला सगळ्याच बाजू तयार ठेवाव्या लागतील." त्या "आपल्याला"मध्ये मीही होते.

दोन आठवड्यांत वर्गाचा आवाज बदलला. आधी प्रतिपक्ष म्हणजे रकाना होता. आता तो दोन माणसांच्या रूपाने डिसेंबरात समोर बसणार होता. मुलं एकमेकांचे मसुदे फाडायला लागली, आणि त्यात द्वेष नव्हता, कारण फाडलेलं शिवायला अजून वेळ होता. एकाने मला तोंडावर सांगितलं की मेलोसच्या संवादाचं माझं वाचन फार सोपं आहे. मी अथेन्सला खलनायक करून मोकळी होते. पण ही भाषणं आपण कशी लिहिली हे थ्युसिडिडीझने पहिल्याच पुस्तकात सांगितलंय, जे प्रसंगाला योग्य वाटलं ते वक्त्यांच्या तोंडी घातलंय, मग दूतांची ती निर्दय भाषा दूतांची की लेखकाची? त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या जुन्या टिपणांत हा मुद्दा होता, पण इतकी वर्षं शिकवून शिकवून मी तो गाळायला लागले होते.

आम्ही दोघींनीही एक सवय सोडली. १९२० साली कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन यांनी जनरल ऑनर्स नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा प्रत्येक गटाला मुद्दाम दोन शिक्षक दिले होते, ते मुलांसमोर भांडावेत म्हणून. आम्ही दोघी होतो, पण भांडत नव्हतो. वर्गासमोर सभ्यपणे एकमेकींना दुजोरा द्यायचो. आता श्रेणी आमच्या हातात नव्हती, तेव्हा कोणाच्या बाजूने बोलावं ही मुलांची अडचणही उरली नव्हती. सोफोक्लीझच्या अँटिगनी या नाटकावर आम्ही दोघी अर्धा तास भांडलो. भावाला पुरू पाहणाऱ्या अँटिगनीला अडवणाऱ्या राजा क्रेऑनच्या बाजूने मी. राजा झाल्याच्या पहिल्याच दिवशी शहराला वेढा घालणाऱ्याला मानाने पुरायचं कसं, हे माझं म्हणणं मला आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही. मुलं कुणाकडे बघून लिहून घेणार? काही वेळाने त्यांनी पेनं खाली ठेवली.

तोंडी परीक्षेचे दोन दिवस

मी दोन्ही दिवस मागे बसून होते. सगळ्यांचं सांगत नाही, दोघांचं सांगते.

जैवरसायनवाल्या मुलीने अखेर तो ऐंशी मतांचाच निबंध लिहिला होता. अभिजात भाषांचे प्राध्यापक सौम्य बोलणारे. त्यांनी विचारलं, "हा ऐंशीचा आकडा कुठून घेतलास?" तिने डायोजेनीसचं नाव सांगितलं. "तो केव्हाचा?" तिसऱ्या शतकातला, ती म्हणाली. "खटला इसवी सनापूर्वी ३९९ चा. मधे सहाशे वर्षं. शिवाय दोषी ठरवणाऱ्या मतांचा त्याने दिलेला आकडा प्लेटोच्या तीसशी जुळत नाही. तुझा ऐंशी काढून घेतला, तर तुझ्याकडे काय राहतं?"

खोलीत शांतता. माझी मान हलू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. ती बहुतेक मिनिटभर गप्प होती. परीक्षेत मिनिट फार लांब असतं. मग म्हणाली, "कमी राहतं. मतं वाढली हे मग मी सांगू शकत नाही. पण प्लेटोचे तीस राहतात, म्हणजे जवळजवळ निम्मे त्याच्या बाजूचे होते. आणि जेवणाची मागणीही प्लेटोचीच आहे. त्या निम्म्यांना ती मागणी ऐकून काय वाटलं असेल, हा प्रश्न राहतो. उत्तर मला आधी वाटलं होतं तेवढं पक्कं नाही." प्राध्यापकांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तिला ए मायनस मिळाला. ए का नाही, हे विचारायला ती आली नाही. ते ऐंशीचं आधी तपासायला हवं होतं, असं सांगायला आली.

दुसरा मुलगा. घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. इंग्रजी ही त्याची शाळेत शिकलेली दुसरी भाषा. त्याचा निबंध माझ्या मते पहिल्या तिघांत होता. तोंडीत धर्मअभ्यासाच्या प्राध्यापिकेने अँटिगनीच्या भाषांतरातल्या एका शब्दावर प्रश्न विचारला, जो त्यांच्या सेमिनारात बराच चर्चिला गेला होता आणि आमच्या नाही. तो अडखळला. दुसऱ्या प्रश्नाला त्याला उत्तर येत होतं, हे मला माहीत होतं, कारण ते त्याने वर्गात दिलं होतं. पण तो पहिल्यातून सावरलाच नाही. शिफारस आली बी.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं भांडलो, आणि हे भांडण अँटिगनीवरच्या भांडणासारखं सुखाचं नव्हतं. प्राध्यापिकेचं म्हणणं, मी जे ऐकलं त्यावर श्रेणी दिली. तुम्हाला तो आवडतो म्हणून मी बदलू का? तिचं बरोबर होतं. त्यासाठीच तर तिला बसवलं होतं. माझं म्हणणं, वीस मिनिटांची तोंडी परीक्षा ज्याला बोलण्याचा सराव आहे त्याला मोजते, आणि तो सराव मुलं घरून आणतात. शाळेच्या वादविवाद संघातून आलेल्या दोन मुलांनी साधारण निबंधांवर चांगल्या श्रेणी मिळवल्या होत्या, हे तिलाही दिसत होतं. आम्ही लेखी शब्द दिला होता, म्हणून श्रेणी बी नोंदवली. मी त्या मुलाला स्वतः बोलावून हे सगळं सांगितलं, परीक्षेचं काय चुकलं तेही. तो म्हणाला, मला वाटलंच होतं. हे त्याचं वाक्य मला रागापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या वर्षी आम्ही चौघांनी पद्धत बदलली. निबंधाचं वजन तोंडीच्या दुप्पट केलं. तीनपैकी दोन प्रश्न आदल्या दिवशी कळवायचे. दहाव्या आठवड्यात वर्गातच तोंडीची रंगीत तालीम, सगळ्यांसमोर, चुका मोजायच्या नाहीत. दोन्ही सेमिनारांच्या प्राध्यापकांनी सत्राच्या सुरुवातीला एकदा भेटून दोन्हीकडे काय शिकवलं जाणार ते सांगायचं. आणि परीक्षकाला वाटलं की विद्यार्थी घाबरून गप्प झालाय, तर त्याला निबंधातला कोणताही परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगायचं आणि तिथून सुरू करायचं. ही शेवटची युक्ती त्या प्राध्यापिकेचीच. ती फार उपयोगी पडली, कारण स्वतःचं वाक्य वाचताना माणसाला आपण काय म्हणत होतो ते आठवतं.

जे सुटलं नाही

तिसऱ्या वर्षी विभागाने मला सोडलं नाही. ५४ आणि ३६० हेच दोन आकडे, फक्त या वेळी निर्णय उलटा. माझ्या जागी ऑनर्सने एका तरुण इतिहासकार बाईंना एका सत्राच्या कंत्राटावर घेतलं. अशांना तिथे ॲडजंक्ट म्हणतात: ठरलेल्या अभ्यासक्रमाचे ठरलेले पैसे, पुढच्या सत्राची खात्री नाही. त्या उत्तम शिकवतात. मी त्यांचा तास पाहिला आहे.

मी त्यांना अदलाबदलीची सगळी पद्धत समजावली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि नकार दिला. सहा तास परीक्षेचे, १६२ पानं वाचनाची, मधल्या बैठका, हे त्यांच्या कंत्राटात कुठेच नव्हतं. दुसऱ्या दोन विद्यापीठांतही त्यांचे वर्ग होते. "आणि समजा, माझ्या मुलांना बाहेरच्या परीक्षकांनी बी दिले," त्या म्हणाल्या, "तर मुलं सत्राच्या शेवटी मूल्यांकनात माझ्याबद्दल काय लिहितील? तुमच्याबद्दल काहीही लिहिलं तरी तुम्ही इथे राहता. माझं पुढचं कंत्राट त्याच कागदावर ठरतं."

मी संचालकांकडे गेले. ॲडजंक्टना या कामाचं वेगळं मानधन द्यावं, अशी लेखी विनंती केली. रक्कम मोठी नव्हती. त्यांनी ती मनापासून वर पाठवली आणि ती वर राहिली. माझ्या सहकारीने एकटीने तोंडी घ्यायचं ठरवलं होतं, पण दोन शिक्षकांच्या वर्गात एकीचीच परीक्षा बाहेरून, हे मुलांना समजावता येईना. तिने तो नाद सोडला.

सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात नव्या बाईंचा ईमेल आला. मुलांना निबंधात काय अपेक्षित आहे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं आहे, तुमचं जुनं पाच रकान्यांचं रुब्रिक असेल तर पाठवाल का? फाइल अजून माझ्याकडे होती. मी पाठवली.